सहा मिनिटांसाठी एक एलपी: ‘आय ॲम नॉट इन लव्ह’ची जुनी तबकडी

‘टेन सीसी’ या इंग्लिश बँडची ‘दी ओरिजिनल साउंडट्रॅक’ ही १९७५ सालची एलपी विकत घ्यावी की नाही, हा प्रश्न खरे पाहता एका गाण्यापुरताच आहे. पहिल्या बाजूवरील दुसरे गाणे, ‘आय ॲम नॉट इन लव्ह’, हेच त्या तबकडीचे सर्वस्व आहे असे म्हटले तर बँडचे चाहते मान्य करणार नाहीत. पण बेळगावातल्या जुन्या सामानाच्या दुकानात ही तबकडी उलटून पाहणारे गिऱ्हाईक त्याच एका गाण्याचे नाव शोधत असते आणि दुकानदारालाही ते ठाऊक असते. खडेबाजारालगतच्या ज्या दुकानातून मी माझी प्रत घेतली, तेथील मालकांनी ती पिशवीत घालता घालता सांगितले, ‘‘ह्यातलं एकच गाणं चालतंय बघा, बाकीचं आपल्याला झेपत नाही.’’ हे मत अर्धे बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्याबद्दल माझा वाद आहे, तो पुढे येईलच.

गाणे सॉफ्ट रॉक या प्रकारात मोडते. म्हणजे वाद्ये रॉकची, पण आवाज चढा नाही, ताल अंगावर येत नाही आणि विषय बहुधा प्रेमाचा असतो. सत्तरच्या दशकात अशी प्रेमगीते इंग्लंड-अमेरिकेत ढिगाने निघाली आणि त्यांतली बरीचशी आज ऐकवत नाहीत, कारण त्यांतला नायक पहिल्या कडव्यापासूनच गळा काढून बसलेला असतो. येथे नेमके उलटे आहे. येथला नायक पुन्हा पुन्हा बजावतो की मी प्रेमात नाही; फोन केला म्हणून गैरसमज करून घेऊ नकोस, मित्रमैत्रिणींना सांगत सुटू नकोस, तुझे चित्र भिंतीवर आहे ते केवळ तेथला डाग झाकण्यासाठी. जितक्या सबबी वाढतात तितका त्याचा दावा पोकळ होत जातो, आणि ऐकणाऱ्याला खरे काय ते केव्हाच कळलेले असूनही गाणाऱ्याला ते कळले आहे की नाही, हे शेवटपर्यंत उलगडत नाही. गाण्याचे एक कर्ते एरिक स्टुअर्ट यांनी त्याचे मूळ स्वतःच सांगितलेले आहे. आपण प्रेमाची कबुली वरचेवर का देत नाही, असे पत्नीने विचारले असता, तेच शब्द रोज उच्चारले तर त्यांत काही अर्थ उरणार नाही असे त्यांना वाटले, आणि मग न बोलता बोलण्याची युक्ती म्हणून हा नकार त्यांना सुचला. ग्रॅहम गुल्डमन यांच्याबरोबर बसून त्यांनी ते गाणे पुरे केले.

सीमाभागातल्या आमच्या घरांत सांगली आणि धारवाड ही आकाशवाणीची दोन्ही केंद्रे लागत आणि मराठी भावगीतामागोमाग कन्नड भावगीतही ऐकले जाई. दोन्हींकडे प्रेमाची आणि विरहाची कबुली बहुतेक वेळा उघड असते, म्हणून प्रेमगीतात प्रेमच नाकारणारा हा नायक येथे परका वाटायला हवा. तसे होत नाही. आयुष्यभर बायकोला नावाने हाक न मारता ‘अगं, ऐकलंस का’ एवढ्यावर संसार केलेली वडीलधारी मंडळी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा माणूस लगेच ओळखू येतो.

तथापि, केवळ शब्दांसाठी हे गाणे पन्नास वर्षे टिकले नसते. ते टिकले ते त्याच्या घडणीमुळे, आणि ती घडण समजून घेतल्याखेरीज या तबकडीचे परीक्षण करण्यात अर्थ नाही. पहिल्यांदा हे गाणे बोसानोव्हा या ब्राझिलियन संगीतप्रकाराच्या ठेक्यावर, नेहमीच्या वाद्यांनिशी ध्वनिमुद्रित झाले होते. बँडमधले दुसरे दोघे, केव्हिन गॉडली आणि लॉल क्रीम, यांना ते मुळीच रुचले नाही. गॉडली यांनी तर त्याची बोळवण अगदी सडेतोड शब्दांत केली, आणि ते मुद्रण पुसून टाकण्यात आले. पण स्टुडिओत काम करणारी माणसे तीच चाल गुणगुणत फिरताना दिसू लागली, तेव्हा स्टुअर्ट यांनी विषय पुन्हा काढला. गॉडली यांचे म्हणणे असे पडले की करायचेच असेल तर पूर्वी कोणी केले नाही असे करावे, वाद्ये बाजूला सारून केवळ माणसांच्या आवाजांवर गाणे उभे करावे. एवढा मोठा गायकवृंद आणायचा कोठून, या अडचणीवर क्रीम यांनी टेपच्या वेटोळ्यांचा तोडगा सुचवला.

गुल्डमन, गॉडली आणि क्रीम या तिघांनी एकेक स्वर सोळा सोळा वेळा गाऊन मुद्रित केला. म्हणजे प्रत्येक स्वराला अठ्ठेचाळीस आवाज झाले. मग त्या स्वराची सुमारे बारा फुटांची टेप जोडून तिचे अखंड वेटोळे केले, जेणेकरून तो स्वर श्वास न घेता हवा तितका वेळ चालत राहील. असे एका सप्तकातले सगळे कोमल-तीव्र-शुद्ध स्वर, वरच्या षड्जासकट तेरा. तेरा गुणिले अठ्ठेचाळीस म्हणजे सहाशे चोवीस आवाज, आणि प्रत्यक्षात गाणारी माणसे तीन. स्टुडिओतल्या सोळा ट्रॅकच्या, म्हणजे सोळा आवाज वेगवेगळे मुद्रित करून ठेवणाऱ्या यंत्रावरचे तेरा ट्रॅक एकट्या या आवाजांनी व्यापले. ते जुळवण्यातच तीनएक आठवडे गेले.

ज्या गावात रामभाऊ विजापुरे यांनी पिढ्यानपिढ्यांना संवादिनी, म्हणजे पेटी, शिकवली, त्या गावातल्या वाचकाला यापुढचा भाग समजावून सांगण्याची गरज पडू नये. मुद्रित आवाज कमीजास्त करून एकत्र जुळवण्याच्या टेबलावरची, म्हणजे मिक्सिंग डेस्कवरची एकेक सरकपट्टी म्हणजे पेटीची एकेक पट्टी झाली. ती वर सरकवली की अठ्ठेचाळीस गळ्यांचा तो स्वर उमटतो, खाली ओढली की विरतो. चौघे जण डेस्कला खेटून उभे राहिले, ज्याने त्याने आपापल्या वाटणीच्या पट्ट्या सांभाळल्या आणि गाण्याबरोबर त्या वरखाली करत स्वरसंगती अक्षरशः वाजवली. त्याहून नामी गोष्ट पुढची. कोणतीही पट्टी अगदी तळाला जाऊ नये म्हणून त्यांनी डेस्कच्या खालच्या कडेला आडवी चिकटपट्टी लावून ठेवली. परिणामी तेराच्या तेरा स्वर अत्यंत मंद का होईना, पण सतत चालूच राहतात. पेटीवर तेरा पट्ट्या एकदम दाबल्या तर घरातले माणूस उठून बाहेर जाईल. येथे मात्र त्या इतक्या हलक्या आहेत की बेसूर असा न भासता केवळ एक धूसर पडदा गाण्यामागे राहतो, आणि हवी ती संगती त्या पडद्यातून पुढे येऊन परत त्यातच मिसळते. मिरजेच्या तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला अखंड आस नवी नाही, पण ती निवडक स्वरांची असते. साऱ्या स्वरांची आस धरून तिच्यावर गाता येते, हे मला या गाण्याने दाखवले. टिळकवाडीत संवादिनी शिकवणाऱ्या एका गृहस्थांना मी हे गाणे काही न सांगता ऐकवले, तेव्हा डोळे मिटून ते पुरे ऐकून झाल्यावर त्यांनी एवढेच म्हटले, ‘‘सूर चांगला धरलाय हो, पण भाता कोण मारतोय तेच कळत नाही की.’’

या आवाजांच्या पुढ्यात वाद्ये फार थोडी आहेत आणि तीही दबून आहेत. स्टुअर्ट यांनी वाजवलेला इलेक्ट्रिक पियानो, गुल्डमन यांची गिटार, आणि ड्रमऐवजी मूग सिंथेसायझर या विजेवर आवाज घडवणाऱ्या वाद्यावर काढलेला एक मऊ ठोका, जो छातीच्या धडधडीसारखा आत कोठेतरी चालू असतो. मधल्या भागात बेस गिटारचा छोटासा एकल तुकडा येतो, आणि त्याच सुमारास एक स्त्री कुजबुजत्या आवाजात, थोरल्या मुलांनी रडायचे नसते अशा अर्थाचे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणते. हा आवाज स्टुडिओच्या स्वागतकक्षात काम करणाऱ्या कॅथी रेडफर्न यांचा. मधल्या भागासाठी काहीतरी हवे आहे अशी चर्चा चालू असताना त्या दार उघडून दबक्या आवाजात फोन आल्याचा निरोप द्यायला आल्या, आणि हाच आवाज पाहिजे असे क्रीम यांनी तिथल्या तिथे ठरवले. त्या तयार नव्हत्या. त्यांचे मन वळवावे लागले. मला स्वतःला ही जागा संपूर्ण गाण्यातली सर्वांत धोक्याची वाटते. किंचित जास्त नाटकी झाली असती तर हसू आले असते, आणि खरे सांगायचे तर पाहुण्यांपैकी एखादा येथे हसतोच. पण ज्या माणसाने इतका वेळ स्वतःला कठोर भासवण्याचा खटाटोप केला, त्याला कोणीतरी लहान मुलासारखे समजावते आहे, हे ध्यानात आले की ती जागा बिनचूक बसते. शेवटाकडे खेळण्यातल्या संगीतपेटीचा किणकिणाट येतो, तो मात्र मला जास्तीचा वाटतो. बालपणाची सूचना त्या कुजबुजीतच देऊन झाली होती.

हे सगळे घडले ते लंडनमध्ये नव्हे, तर मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्ट गावातल्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत, ज्यात स्टुअर्ट यांची स्वतःची भागीदारी होती. या गोष्टीला मी महत्त्व देतो. तासाच्या भाड्याने घेतलेल्या जागेत कोणत्याही कंपनीने तीन माणसांना तीन आठवडे एकेक स्वर घोळवत बसू दिले नसते. राजधानीपासून दूर असलेल्या गावातून बाहेर पडल्याशिवाय नाव होत नाही, हा आमच्याकडचा जुना अनुभव आहे; सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व शिकायला गेले ते मुंबईलाच. या चौघांनी गावातच यंत्रे आणली, गावातच बसले, आणि फोनोग्राम या तबकड्या काढणाऱ्या कंपनीने त्यांच्याशी मोठा करार केला तो मुख्यतः हे गाणे ऐकून. एकेरी तबकडी (सिंगल) म्हणून मे १९७५ मध्ये ते बाहेर पडले, जूनअखेर ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले आणि दोन आठवडे तेथे राहिले. अमेरिकेत ते तीन आठवडे दुसऱ्या क्रमांकावर अडकून पडले, आणि त्या तिन्ही आठवड्यांत वर असलेली गाणी वेगवेगळी होती. पुढच्याच वर्षी गॉडली आणि क्रीम बँडमधून बाहेर पडले.

आता वस्तूविषयी. गाणे अत्यंत हळू आवाजात सुरू होते आणि हळूच संपते, त्यामुळे तबकडीवरची प्रत्येक खरखर येथे ऐकू येते. ढोल-ताशाच्या तबकडीवर जो ओरखडा लपून जातो तो येथे लपत नाही. खरेदी करताना पहिल्या बाजूच्या मध्यावरचा पट्टा उजेडात तिरपा धरून पाहावा. पहिले गाणे साडेआठ मिनिटांहून मोठे असल्यामुळे आपले गाणे बाजूच्या मधल्या भागात पडते, आणि हे चांगलेच आहे, कारण तबकडीच्या अगदी आतल्या वळणांत, लेबलाजवळ, जो आवाज फाटण्याचा दोष येतो तो येथपर्यंत पोहोचत नाही. बेळगाव आणि त्याहून अधिक खानापूरकडच्या पावसाळ्याचा मुद्दा वेगळा. ओल धरलेल्या कपाटात राहिलेल्या तबकड्यांच्या पुठ्ठ्याच्या कव्हरांना बुरशी येते आणि तिचे ठिपके खाचांतही उतरतात. माझ्या प्रतीवर ते होते. शुद्ध पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचा एखादा थेंब टाकून, मऊ कापडाने खाचांच्या दिशेने पुसून, सावलीत वाळवल्यावर बरेचसे गेले. कव्हरवरची बुरशी मात्र जात नाही, तिचा वासही नाही. कव्हर जपण्यासारखे आहे, कारण त्यावरचे चित्रपट-संकलनाच्या यंत्राचे पेन्सिलचित्र हम्फ्री ओशन या चित्रकाराने काढलेले आहे आणि ते एलपीच्या आकारातच पाहावे.

टर्नटेबलचा वेग स्थिर नसेल तर हे गाणे लावूच नये. लांबवर धरलेले स्वर वेगातला किंचितसा फरकही चव्हाट्यावर आणतात आणि ते अठ्ठेचाळीस गळे एकाच वेळी डुलू लागले की ऐकणाऱ्याला गाडी लागल्यासारखे होते. जुना रबरी पट्टा आधी बदलून घ्यावा. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर ऐकण्याचाही मोह टाळावा, कारण स्वस्त इन्व्हर्टरची गुणगुण ॲम्प्लिफायरमधून स्पीकरमध्ये उतरते आणि गाण्यामागच्या त्या मंद स्वरपडद्याची जागा घेते. निम्मी गंमत तेथेच संपते. स्पीकर दोन हवेत, एकमेकांपासून हातभर तरी लांब. जो एकच छोटा ब्लूटूथ स्पीकर हल्ली घरोघरी असतो, त्यावर आवाजांची रुंदी एका ठिकाणी गोळा होते आणि हे गाणे त्याच काळातल्या दुसऱ्या कोणत्याही गोड गाण्यासारखे वाटू लागते. ज्यांना ते ‘ठीक आहे’ एवढेच वाटले, त्यांनी बहुधा असेच ऐकलेले असावे. साधे पण कानावर नीट बसणारे हेडफोन त्यापेक्षा पुष्कळ चांगले, आणि मोबाइलवरच्या स्वच्छ डिजिटल प्रतीत हेडफोन लावून ऐकले तर एक गोष्ट तबकडीपेक्षाही स्पष्ट दिसते: दोन कडव्यांमधल्या जागेत शांतता नाहीच, सारे स्वर तेथे जागे आहेत. म्हणून ज्यांच्याकडे टर्नटेबल नाही त्यांनी केवळ या गाण्यासाठी तो विकत घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगेन. ज्यांच्याकडे तो आहे, त्यांना तबकडीतून मिळते ती खालच्या ठोक्याची ऊब आणि ती डिजिटल प्रतीत मला तितकी जाणवली नाही. ही माझ्या यंत्रांची मर्यादाही असू शकेल.

एक सावधगिरी जुन्या अमेरिकन छापाच्या एकेरी तबकडीबद्दल बाळगावी. रेडिओसाठी गाणे कापून लहान केलेल्या आवृत्त्या अमेरिकेत निघाल्या होत्या आणि कापाकापीत जाते ते मधला विस्तार, म्हणजे ज्यासाठी पैसे द्यावेत तेच. लेबलावर छापलेली मिनिटे वाचावीत. सहा मिनिटांच्या आसपास आकडा असेल तरच घ्यावे.

दुकानदाराशी असलेला वाद राहिला. बाकीचे झेपत नाही, हे पहिल्या बाजूच्या आरंभीच्या ‘यून नुई आ पारी’पुरते मी मान्य करतो. पॅरिसमधल्या एका रात्रीची ती तीन भागांची संगीतिका आहे, पात्रे आहेत, सोंगे आहेत, फ्रेंच उच्चारांची थट्टा आहे. कसब दांडगे आहे, पण एकदा ऐकून कौतुक करावे आणि पुढच्या वेळी सुई उचलून पुढे ठेवावी असे ते आहे. मात्र या बँडला केवळ हळवे प्रेमगीत करणारे समजून जो तबकडी घेईल त्याची फसगत होईल, आणि ती फसगत उपयोगाची आहे. यांचा मूळ पिंड चेष्टेखोरांचा. ‘लाइफ इज अ मिनेस्ट्रोन’ हे गाणे आयुष्याला इटालियन भाजीच्या सुपात बुडवते, ‘ब्लॅकमेल’मध्ये खंडणीखोराचाच डाव त्याच्यावर उलटतो, आणि शेवटच्या ‘दी फिल्म ऑफ माय लव्ह’मध्ये प्रेमगीतांच्या सगळ्या ठरीव लकबींची यथेच्छ टर उडवली आहे. हे ऐकल्यावर लक्षात येते की प्रेमगीत सरळपणे गाणे या माणसांना जमणारेच नव्हते. त्यांना कबुलीसुद्धा टोपी उलटी घालूनच देता येत होती, आणि ‘आय ॲम नॉट इन लव्ह’मध्ये ती थट्टा पहिल्यांदाच त्यांच्या हातून निसटून गंभीर झाली. दुसऱ्या बाजूवरचे ‘ब्रँड न्यू डे’ मला यांत सर्वांत जास्त आवडते. त्यातला थकलेला, रोजच्या कामाला निघालेला सूर आणि आवाजांची मांडणी पुन्हा पुन्हा ऐकावी अशी आहे, आणि ते बाकीचे न झेपणारे आहे असे मी कदापि म्हणणार नाही.

किमतीचे म्हणाल तर, बाहेरून मागवलेल्या नव्या छापाच्या निम्म्याहूनही कमी पैशांत मला ही प्रत मिळाली, कव्हरच्या बुरशीमुळे आणखी थोडे उतरवूनही घेता आले. दुसऱ्या बाजूवर ओरखडे दिसले तर घासाघीस करावी. पहिल्या बाजूच्या मध्यावर दिसले तर मालक कितीही कमी करायला तयार असले तरी तबकडी जागेवर ठेवून द्यावी.